पहिले सीझर, म्हणून दुसरेही? एका वाक्याचा इतिहास

“पहेलुं सीझर, एटले बीजुं पण सीझर.”

२०१९ च्या उन्हाळ्यात सुरतेच्या एका खासगी दवाखान्यात हे वाक्य मी ऐकले. धाकट्या सुनेला पाचवा महिना होता. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी तिचे सीझर झाले होते, एवढे कानावर पडताच डॉक्टरांनी मान वर न करता केसपेपरवर काहीतरी खरडले. ऑपरेशनची तारीख तुम्ही पंचांग पाहून सांगितली तरी चालेल, अशी सवलतही देऊन टाकली. सूनबाईने चाचरत विचारले, “साहेब, नॉर्मल थई शके के नहीं?” डॉक्टर म्हणाले, “रिस्क कोण लेशे, बेन?” आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

रिक्षात बसल्यावर ती मला म्हणाली, “आई, तुम्हीच सांगा. एकदा पोट फाडलं म्हणजे दर वेळी फाडलंच पाहिजे का?”

मला उत्तर देता आले नाही. महापालिकेच्या मराठी शाळेत मुलांना इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. कोणी एखादे वाक्य ठोकून दिले की हे प्रथम कोण म्हणाले, केव्हा म्हणाले आणि कशावरून म्हणाले, असे विचारायची मी पोरांना सवय लावली होती. आपल्या घरातल्या वाक्याला मात्र हे तीन प्रश्न मी कधी विचारले नव्हते. कारण सूनबाईच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या घराला १९९४ सालीच मिळाले होते, आणि ते इतके भयंकर होते की पुन्हा कोणी प्रश्नच काढला नव्हता.

त्या उन्हाळ्यात मी तो काढला. त्याची ही हकीकत आहे.

माहेर आणि सासर

नवागाम म्हणजे सुरतेच्या पोटातला खानदेश. लिंबायत, उधना, डिंडोली आणि आमचे नवागाम या पट्ट्यात धुळे, नंदुरबार, जळगावकडची हजारो कुटुंबे लूमवर, साडीच्या मार्केटमध्ये, मिळेल त्या कामावर येऊन राहिली. दुकानाच्या पाट्या गुजराती, भाजीवालीशी घासाघीस अहिराणीत, मुलांची शाळा मराठी किंवा गुजराती, आणि सण आला की सगळ्यांची तोंडे उधना स्टेशनाकडे. तापी खोऱ्यातून जाणारी ही रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. तिच्या रुळांवरूनच आम्ही आलो आणि तिच्यावरूनच परत जातो. वाटेत नवापूरचे स्टेशन लागते. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

आपल्याकडची जुनी रीत अशी की पहिले बाळंतपण माहेरी आणि दुसरे सासरी. आमच्या बाबतीत याचा अर्थ पहिले एका राज्यात आणि दुसरे दुसऱ्या राज्यात. इकडची सुयाणी आणि तिकडची सुईण या दोघी शब्दानेही बहिणी. त्यांच्या काळात हद्द ओलांडताना बाईबरोबर एखादा कागद न्यावा लागत नसे, कारण कागदच नव्हता. सीझर आले आणि बाईच्या पोटावर व्रण आला. तो व्रण तिच्याबरोबर हद्द ओलांडतो. त्या व्रणाची हकीकत ज्यावर लिहिलेली असते तो कागद मात्र बहुधा माहेरच्या फडताळात राहतो. या लहानशा गोष्टीवर पुढे किती अवलंबून असते, ते मला फार उशिरा कळले.

“आमच्या वेळी सगळ्या नॉर्मलच व्हायच्या,” असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. मी त्यांच्याच वयाची आहे आणि माझे म्हणणे वेगळे आहे. माझ्या मायची सात बाळंतपणे घरी, बाजेवर, सुईणीच्या हाती झाली. त्यातली पाच मुले जगली. माझी एक आत्या मूल आडवे आल्यामुळे तिसऱ्या दिवशी गेली. तिच्यासाठी सीझर कुठेच नव्हते. असते तर ती जगली असती. म्हणून या लेखात मी सीझरविरुद्ध फिर्याद घेऊन उभी नाही. माझे भांडण त्या वाक्याशी आहे.

१९९४

माझ्या धाकट्या जावेचे पहिले मूल १९९१ साली सुरतेत सीझरने झाले. मूल आडवे होते, दिवसही पुरे भरले नव्हते. मुलगी झाली, जगली. आज तिला स्वतःची मुले आहेत. घरी सोडताना दवाखान्याने एक कागद दिला आणि टाके कधी काढायचे ते सांगितले. आत काय केले, पुढच्या वेळी काय जपायचे, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. कागद पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या तळाशी गेला.

सप्टेंबर १९९४. जावेला आठवा महिना लागला होता. गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले नसतील तोच शहरात प्लेगची बातमी पसरली. औषधांच्या दुकानांत टेट्रासायक्लीनची कॅप्सूल मिळेना. तोंडाला रुमाल बांधलेली माणसे बोचकी घेऊन स्टेशनाकडे धावू लागली. त्या काही दिवसांत लाखो माणसांनी सुरत सोडली. आमच्या दाराला कुलूप लागले ते रात्री. उधन्याला गाडीत खिडकीतून मुले आत टाकली. जाऊ दाराशी उभी राहिली आणि कोणीतरी तिच्या हातात बोचके दिले, ते तिने उरापाशी धरून ठेवले. दोंडाईचे आल्यावर आम्ही उतरलो.

गावी तिसऱ्या दिवशी तिच्या पोटात दुखू लागले. जीप करून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पोटावरचा व्रण पाहिला आणि विचारले, “मागचं सीझर कसलं होतं? कागद आहे का?” दीर म्हणाला, “कागद नवागामला आहे, पेटीत.” डॉक्टर म्हणाले, “मग धुळ्याला न्या. थांबू नका.”

धुळ्याच्या रस्त्यावर तिचे दुखणे अचानक थांबले. आम्हाला हायसे वाटले. सासूबाईंनी हात जोडले. दुखणे थांबले ते गर्भाशय फाटले म्हणून, हे जीपमध्ये बसलेल्या आम्हा पाचांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. थोड्याच वेळात तिचा चेहरा पांढरा पडला. धुळ्याच्या डॉक्टरांनी शर्थ केली आणि तिला वाचवले. गर्भाशय काढावे लागले. मुलगा होता; तो गेला.

घरात यातून दोन निष्कर्ष निघाले. एक, सीझर झालेल्या बाईने कळा येण्याची वाट कधीही पाहू नये. दुसरा कोणी तोंडाने बोलले नाही, पण सगळ्यांच्या मनात होता: हिने गाडीत ते बोचके उचलायला नको होते. जावेच्या मनातही तोच होता.

वाक्याचा जन्म

२०१९ मध्ये मी या वाक्याचा माग काढू लागले. पुस्तके मिळवली, नातवाला संगणकावर बसवले, ओळखीच्या निवृत्त परिचारिकेकडून शब्दांचे अर्थ समजून घेतले. जे हाती लागले ते असे.

पोट चिरून मूल काढण्याची कल्पना फार जुनी. सुश्रुतसंहितेत मरण पावलेल्या गर्भिणीच्या पोटातले जिवंत मूल काढून घ्यावे असे सांगितले आहे. रोमन कायद्यातही अशीच तरतूद होती. ज्यूलियस सीझर असा जन्मला, ही समजूत मात्र टिकत नाही. तो मोठा होऊन लढाया मारत होता तेव्हा त्याची आई जिवंत होती, आणि त्या काळी असे पोट चिरल्यावर बाई जगत नसे. म्हणजे ही शस्त्रक्रिया मुळात आई गेल्यानंतरची.

जिवंत बाईवर ती केली तरी शेवट बहुधा तोच होई. याचे एक कारण ऐकून मी थक्क झाले. एकोणिसाव्या शतकातही पुष्कळ डॉक्टर पोट शिवत, पण गर्भाशयाला टाके घालत नसत. ते आपोआप आकसून मिटेल असा समज होता. ते मिटत नसे. रक्तस्राव आणि जंतुदोष यांत बाई जाई. १८७६ मध्ये इटलीतल्या पोर्रो या डॉक्टराने बाई वाचवण्यासाठी गर्भाशयच काढून टाकण्याची पद्धत आणली. १८८२ मध्ये जर्मनीच्या झेंगरने गर्भाशयाला नीट टाके घालण्याची पद्धत मांडली, आणि तिथून सीझरनंतर बाई जगू लागली. बाई जगली म्हणूनच पुढचा प्रश्न जन्मला: आता हिच्या दुसऱ्या बाळंतपणाचे काय?

याच काळात आपल्या सुरतेत काय चालले होते? १८९५ मध्ये इथल्या स्त्रियांच्या रुग्णालयात एक मराठी डॉक्टरीणबाई रुजू झाल्या: डॉ. रखमाबाई. बालपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला नकार देऊन ज्यांनी १८८४ पासून कोर्टात झुंज दिली आणि नंतर लंडनला जाऊन ज्या डॉक्टर झाल्या, त्याच या. त्या सुरतेत असतानाच १८९६ ची प्लेगची साथ मुंबई इलाख्यात आली. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी सुरतेत काढला, मग त्या राजकोटला गेल्या. त्यांच्या काळचा पेच आजच्या उलटा होता. तेव्हा बाळंतपणासाठी दवाखान्याची पायरी चढायलाच बायका घाबरत. आज दवाखान्यात पोचलेल्या बाईला तिथे आपला प्रश्न विचारायचे भय वाटते. नवागामात राहणाऱ्या आपल्यातल्या किती जणींना रखमाबाईंचे सुरतेशी असलेले नाते ठाऊक आहे?

रखमाबाई सुरतेत होत्या तेव्हाच, १९१६ साली, न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रॅगिन यांनी एका लेखात ते प्रसिद्ध वाक्य लिहिले: एकदा सीझर, तर नेहमी सीझर. मला वाटले होते की हे वाक्य म्हणजे बायकांना दिलेली ताकीद असेल. लेखाचे नाव आणि रोख पाहिला तर तो डॉक्टरांना दिलेला सबुरीचा सल्ला निघाला. उठसूट सीझर करू नका, कारण पहिले केलेत तर पुढचीही गळ्यात येतील, असा त्याचा मतलब. शिवाय या नियमाला अपवाद आहेत हेही क्रॅगिन यांनी तिथेच नमूद केले होते. सीझरनंतर तीनदा नैसर्गिक रीतीने बाळंत झालेल्या आपल्याच एका पेशंटचा त्यांनी दाखला दिला होता. जगाने वाक्य उचलले, अपवाद आणि सल्ला तिथेच राहिले. इतिहासात असे पुष्कळ वाक्यांचे झाले आहे.

दोन काप, एक शब्द

क्रॅगिन यांच्या काळी गर्भाशयावर काप घेत तो उभा, वरच्या जाड भागावर. वैद्यकात त्याला क्लासिकल काप म्हणतात. गर्भाशयाचा हा वरचा भाग म्हणजे कळा देणारा स्नायू. प्रत्येक कळेला तोच आवळतो. जिथे जोर, तिथेच जोड. पुढच्या गरोदरपणात हा जोड उसवण्याचे प्रमाण शंभरात चार ते नऊ इतके मोठे सांगितले जाते, आणि कधी कधी कळा सुरू होण्याआधीच तो उसवतो. अशा कापानंतर ‘नेहमी सीझर’ हे बरोबरच होते. आजही बरोबर आहे.

१९२० च्या दशकात ग्लासगोचे मन्रो कर यांनी खालच्या भागावरच्या आडव्या कापाचा पुरस्कार केला. गर्भाशयाचा खालचा भाग पातळ असतो. तो कळा देत नाही, कळांनी ताणला जाऊन वर सरकतो. तिथला आडवा काप कमी रक्त सांडून होतो, चांगला भरतो आणि पुढच्या वेळी त्याच्यावर ताण कमी येतो. हळूहळू हाच काप जगभर रूढ झाला. आज होणारी बहुतेक सगळी सीझर याच प्रकारची. उभा काप क्वचितच घेतात. मूल आडवे असून दिवस भरलेले नसतील आणि खालचा भाग पुरेसा तयार झाला नसेल, अशासारख्या प्रसंगी.

दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो: सीझर. पोटाच्या कातडीवरचा व्रण पाहून आतला काप कळत नाही. वर आडवा व्रण असला तरी आत उभा असू शकतो, आणि वर उभा असला तरी आत आडवा. ते कळते फक्त कागदावरून.

काप बदलला, तरी १९१६ चे वाक्य पुढची कित्येक वर्षे बदलले नाही. १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद बोलावली आणि खालचा आडवा काप असलेल्या योग्य त्या बायकांना नैसर्गिक प्रसूतीची संधी द्यावी असे म्हटले. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९९६ पर्यंत तिथे आधी सीझर झालेल्या शंभरातल्या अठ्ठावीस बायका नैसर्गिक रीतीने बाळंत होऊ लागल्या. काही ठिकाणी निवड न करता, कळांची जोरदार औषधे देऊन हे होऊ लागले. गर्भाशय फाटल्याच्या घटना पुढे आल्या, खटले झाले. १९९९ मध्ये तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय जागेवर हवी अशी अट घातली, तेव्हा लहान रुग्णालयांनी हात काढून घेतला आणि लंबक पुन्हा मागे आला.

२००४ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या १९ रुग्णालयांत १७,८९८ बायकांनी सीझरनंतर कळा देऊन पाहिल्या होत्या. शंभरातल्या सुमारे ७३ जणी नैसर्गिक रीतीने बाळंत झाल्या. गर्भाशय फाटले ते हजारात सातांचे. हा आकडा लहान आहे, पण तो शून्य नाही. त्या सातांपैकी एक आमच्या घरात असावी असे कोणाला वाटेल?

आणि दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही सांगितले पाहिजे. प्रत्येक सीझरबरोबर पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो. वार खाली आलेली असेल तर पहिल्या सीझरच्या वेळी शंभरात तीन, दुसऱ्याला अकरा आणि तिसऱ्याला चाळीस असा तो चढत जातो. अशा वेळी रक्त थांबत नाही आणि गर्भाशय काढावे लागते. म्हणजे ‘रिस्क कोण लेशे’ हा प्रश्न दोन्ही वाटांवर उभा आहे. कोणती वाट निवडली तरी ती रिस्क बाईच घेते. डॉक्टरांच्या टेबलावर फक्त तिचा हिशेब होतो.

हिशेबावरून आठवले. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या शंभर बाळंतपणांत साडेएकवीस सीझर निघाली. सरकारी रुग्णालयांत चौदा, खासगीत सत्तेचाळीस. २००५-०६ मध्ये देशाचा आकडा साडेआठ होता. खासगीतल्या प्रत्येक डॉक्टराला पैशाचा लोभ आहे असे मी म्हणणार नाही. कळा देणाऱ्या बाईपाशी रात्रभर थांबावे लागते, भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर लागतो, रक्त तयार लागते. चार खाटांच्या दवाखान्यात हे सगळे कोठून येणार? अशा ठिकाणी नकार देणारा डॉक्टर एका अर्थी प्रामाणिक असतो. त्याने फक्त “इथे होणार नाही” असे म्हणावे. “कुठेच होणार नाही” असे म्हणू नये. गुजरात सरकारने २००५ मध्ये पाच जिल्ह्यांत चिरंजीवी योजना सुरू केली आणि पुढे ती राज्यभर नेली. तिच्यात खासगी डॉक्टरांना बाळंतपणामागे सरासरी १,७९५ रुपये ठरवून दिले होते. नॉर्मल असो की सीझर, रक्कम तीच. कापाची आणि पैशाची गाठ सोडवायची हा त्यामागचा विचार होता. सरकारलाही ती गाठ दिसली होती, एवढे यावरून कळते.

पेटीतला कागद

शेवटी आम्ही एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई गुजराती. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो पंचवीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारला होता तोच: आगला ऑपरेशननो कागळ छे?

सूनबाईचे पहिले बाळंतपण २०१६ मध्ये शहाद्याकडे माहेरी झालेले. कागद भावाकडे. त्याने मोबाइलवर फोटो पाठवला आणि मूळ कागद ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरबरोबर धाडला. त्या पुनर्भेटीला जाऊही आमच्याबरोबर आली होती. मी कोण जाणे कशासाठी, पेटीच्या तळातला तिचा १९९१ चा कागदही पिशवीत घातला होता.

डॉक्टरीणबाईंनी सूनबाईचा कागद वाचला. एलएससीएस, म्हणजे खालचा आडवा काप. कारण, मूल पायाळू. या वेळी डोके खाली होते, म्हणजे ते कारण उरले नव्हते. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचे अंतर. दीड वर्षाहून कमी असते तर त्यांनी विचार केला असता. मग मी दुसरा कागद पुढे केला. तो मी पूर्वी वाचलेला होता. त्यावर इंग्रजीत ‘क्लासिकल’ असा शब्द होता. मला वाटायचे, ऑपरेशन शास्त्रशुद्ध झाले असे लिहिले असेल. क्लासिकल म्हणजे शास्त्रीय, हे गाण्यावरून ठाऊक होते.

डॉक्टरीणबाई त्या शब्दावर थांबल्या. मग सावकाश म्हणाल्या, “मासी, आ तो ऊभो काप हतो.” अशा बाईला कळांची वाट पाहू देत नाहीत, आठव्या-नवव्या महिन्यात आधीच दाखल करून घेतात, आणि हे तिला त्याच वेळी सांगायला हवे होते, असे त्यांनी समजावले. बोचके उचलल्याने ते झाले का, असे मी विचारले. नाही, त्या म्हणाल्या.

जाऊ इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “म्हणजे ताई, माझं चुकलं नव्हतं.”

एवढेच. पंचवीस वर्षांनी. तिचा प्रश्नार्थक सूरसुद्धा नव्हता. मी तिचा हात धरला. ज्या गोष्टीला आमचे घर नशीब म्हणत होते आणि मनातून जिचा दोष तिला देत होते, ती एका न वाचलेल्या शब्दात लिहिलेली होती, आणि वाचणारी मी, शाळामास्तरीण, घरात बसलेली होते.

पुढचे थोडक्यात. डॉक्टरीणबाईंनी हमी दिली नाही. चारांतल्या तिघींना जमते, चौथीला ऑपरेशन लागते, आणि लागले तर ते हार म्हणून करायचे नाही, असे त्या म्हणाल्या. कळा आपोआप सुरू झाल्या तरच. औषधाने ओढून आणायच्या नाहीत. कळा सुरू होताच रुग्णालयात यायचे, घरी धीर धरायचा नाही. २०१९ च्या पितृपंधरवड्यात, आणखी एका पितृपंधरवड्यानंतर पंचवीस वर्षांनी, रात्री नऊला आम्ही निघालो. बाळाच्या ठोक्यांचे यंत्र रात्रभर चालू होते. रक्ताच्या बाटल्या सांगून ठेवल्या होत्या. पहाटे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धा तास पाहू, नाहीतर थिएटरमध्ये घेऊ. मुलाने संमतीच्या कागदावर सही केली. मी तो कागद आधी शब्द न् शब्द वाचला. त्या अर्ध्या तासातच मुलगी झाली.

जाऊ बाहेर बाकावर बसून होती. दुखणे मध्येच थांबले तर नाही ना, हे ती दर थोड्या वेळाने आयाबाईला विचारत होती.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येते आणि बाळाचे नशीब लिहून जाते. आम्हीही ठेवला. सटवाईचे अक्षर आजवर कोणाला लागलेले नाही. पण डॉक्टरांचे अक्षर लावून घेता येते. नवागामात आता मी एवढेच काम करते. माहेरी बाळंत होऊन परतलेल्या मुलीला विचारते, “ऑपरेशन झालं का? मग कागद आणलास का? काप कोणता, आणि कशासाठी घेतला, ते विचारलंस का?” नसेल विचारले तर पुढच्या गाडीने येणाऱ्या माणसाबरोबर कागद मागवायला लावते. दोन प्रती काढायच्या. एक माहेरी, एक सासरी.

जावेचा कागद मी प्लास्टिकमध्ये घालून ठेवला आहे. तो आता साड्यांच्या तळाशी नाही, वरच आहे.